आत्याच्या नावाचं परमिट

बालाघाटचा पोरगा कान्हाच्या जंगलाची गोष्ट सांगून राह्यला म्हटलं का लोकं सरसावून बसतेत. त्यायले वाटते, आता वाघ येईन, गाडीवर झेप घेईन, कोनाची तरी टोपी घेऊन पळन. म्हणून पयलेच सांगून ठेवतो. या गोष्टीत सगळ्यात जास्त वेळ येका खिडकीपुढं गेला, अन् त्या खिडकीत वाघ नोहता, येक बाबू होता, त्याले सर्दी झालती. ज्यायले झेपच पाह्यजे त्यायनं इथूनच वापस जावं. मी वाईट मानत नाई.

मी नकला करतो. पोटासाठी नाई, पोटासाठी मी बसस्टँडजोळच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. पन आवाज काढायची सवय लहानपनापासूनची. कटंगी-तुमसरच्या गाडीचा कंडक्टर कसा वरडते, गिरनीचा पट्टा सुटला का कसा आवाज येते, सगळं येते मले. शेजारच्या काकाची स्कूटर चालू होत नाई तेव्हाचा आवाज काढला तं काका सोता बाहेर येऊन पाहतेत, कोन माह्या गाडीले हात लावून राह्यला. बाबा म्हणतेत, याचा सोताचा आवाज कोनता ते मले अजून माहीत नाई.

तं गोष्ट माह्या आत्याची आहे. बाबाची लहान बहीन. कटंगीकडच्या येका गावात देली आहे. तिची सासू चार वर्षापासून खाटेवर आहे. कंबर मोडली ते मोडलीच. तिले कुशीवर फिरवनं, खाऊ घालनं, केस विंचरनं, सगळं आत्याच करते. चार वर्षात आत्या येका रातीसाठीबी घराबाहेर राह्यली नाई. माहेरी आली तं सकाळच्या बसनं येऊन दुपारच्या बसनं वापस.

अन् या आत्याले वाघ पाह्याचा होता. लहानपनापासून. कान्हा आमच्या जिल्ह्याले लागून, परदेशातून लोकं पाह्यले येतेत, अन् आमच्या घरातलं कोनी गेट वलांडून आत गेलं नोहतं. बाबा उकव्याच्या खदानीत नोकरी करत होते तेव्हा जंगलातूनच जाऊन-येऊन करत. पन त्यायनंबी काय पाह्यलं असन तं रानडुक्कर.

गंमत अशी का आत्यापेक्षा घाई सासूलेच होती. ती म्हणे, "मी तं आता जात नाई. तू पाहून ये अन् मले सांगजो. नीट सांगजो, मिशा-गिशा सकट." मंग माह्या आईनं ठरवलं का दोन दिवस ती तिथं जाऊन सासूबाईजोळ राहीन. दोनच दिवस, कारन आईले तिसऱ्या रोजी आंगनवाडी होती. म्हंजे आत्याले येक संध्याकाळ यायले, येक सकाळ वाघ पाह्यले, अन् दुपारी वापस. येकच सकाळ. परमिट काढायचं काम माह्याकडं आलं, काहून का घरात कॉम्प्युटर मलेच समजते असा सगळ्यायचा समज आहे.

त्याच वेळेस येका ग्रुपात कोनाचा तरी मेसेज आला. कान्हा सफारी, पक्की सीट, लाईन नाई, वाघाची गॅरंटी. खाली नंबर.

बाबा म्हणे, "लाईन नाई म्हणते ना, घेऊन टाक मंग."

मी म्हटलं, "बाबा, वाघाची गॅरंटी वाघ देत नाई, हा कोन देनारा?"

"अरे, लावून तं पाह्य."

लावला. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलनारा. "भैया, बुधवार दोपहर की बस लास्ट तीन सीट बची हैं. अभी बोलो तो अभी." मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. मंग दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून लांजीकडच्या बुढ्याच्या आवाजात लावला. मधात खोकललोबी. "बेटा, मरने के पहले शेर देखना है." तो म्हणे, "दादाजी, बुधवार दोपहर की लास्ट तीन सीट बची हैं, आपके लिए रोक देता हूं." आता मले मजा आली. मालकाच्या फोनवरून नागपूरची मॅडम होऊन लावला. मॅडमसाठीबी त्यानं तेच तीन सीटा राखून ठेवल्या होत्या.

मंग पुन्हा माह्या आवाजात इचारलं, "भाईसाब, बुधवार की दोपहर तो पार्क बंद रहता है ना?"

तो म्हणे, "वो आम पब्लिक के लिए बंद रहता है."

बाबा बाजूलेच बसून आयकत होते. हसून हसून त्यायले ठसका लागला. पन खरी गोष्ट वेगळी होती. त्या माणसानं तीन बारमधून येका बारबी नाव इचारलं नाई, आधार इचारलं नाई. अन् जंगलाचं परमिट नावाशिवाय निघतच नाई. सरकारी साईटवर बसलं का हरेकाचं नाव, वय, कार्डाचा नंबर भरा लागते, अन् तेच कार्ड, झेरॉक्स नाई, असली कार्ड, गेटवर दाखवा लागते. जो नाव न इचारता सीट देते तो सीट देतच नाई, फक्त घेते. इतकं समजलं का अर्धे लबाड तिथंच गळून पडतेत. बाकीच्या अर्ध्यासाठी येकच इलाज, वेळेवर सोता काढा. मी दीड महिना आधी बसलो अन् मुक्की गेटच्या सकाळच्या गाडीत तीन सीटा काढल्या. मी, बाबा, आत्या. आठ रोज मोहल्ल्यात मी असा फिरत होतो जसं वाघाले मीच सांगून ठेवलं.

आता इथं माही चूक आयका.

आत्याच्या कार्डाचा नंबर तिच्या पोराले फोन करून घेतला. त्यानं नंबर सांगतला, मी लिहिला. नाव मी बाबाले इचारलं, कारन मले तं ती आत्याच. बाबानं आपल्या बहिनीचं नाव सांगतलं. मी खाली सासरचं आडनाव जोडून टाकून देलं.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतेत. ताटात तांदूळ पसरतेत, नवरा आंगठीनं त्यात नवं नाव लिहिते, सगळे पेढे खातेत. त्या रोजपासून कागदावर ती बाई दुसरीच होते. पन माहेरात कोनी ते नाव तोंडातूनबी काढत नाई. बाबाले पंचवीस वर्षात गरजच पडली नाई. अन् सासरी तिले आपल्या पोराची माय म्हणूनच हाक मारतेत. म्हणजे तांदळातलं नाव फक्त येका जागी होतं, आधारवर. अन् तेच मले माहीत नोहतं.

आदल्या रोजी संध्याकाळी आमी बैहरले बाबाच्या दोस्ताकडं मुक्काम केला. आत्यानं नवी शाल आनली होती. पहाटे गेटवर पोचलो तं इतकी थंडी का तोंडातून धूर निघे. दोन लाईना होत्या. येक परमिटवाल्यायची, येक ज्यायच्याजोळ काई नोहतं अन् कोनाची सीट खाली व्हाची वाट पाहत होते त्यायची. मी दुसऱ्या लाईनकडं जराशा दयेनं पाह्यलं, हे खोटं काहून बोलू.

आमचा नंबर आला. बाबूनं नाक पुसलं, माहं कार्ड पाह्यलं, बाबाचं पाह्यलं, आत्याचं पाह्यलं. मंग परमिट पाह्यलं. मंग पुन्हा आत्याचं.

"ये कौन हैं?"

बाबा म्हणे, "मेरी बहन है."

"वो तो ठीक है. पर परमिट वाली कहां है?"

"यही है ना साहब."

"कार्ड पे दूसरा नाम है, चाचा." बाबू शिंकला. "नंबर वही है, नाम दूसरा है. ऐसे में नहीं जाने दे सकता. साइड में हो जाइए, पीछे लाईन है."

बाबानं माह्याकडं पाह्यलं. मी बाबाकडं पाह्यलं. दोघायलेबी येकदमच समजलं. बाबा हळूच म्हणे, "अरे बाप, तिचं ते दुसरं नाव."

"तुमी सांगतलं काहून नाई?"

"तू इचारलं का? तू म्हटला आत्याचं नाव काय. मी सांगतलं आत्याचं नाव."

साईडले झालो तं मफलरवाला येक माणूस सरकत आला. "नाम का चक्कर है क्या? खिडकी पे कुछ मत बोलो, मैं करा देता हूं." मी म्हटलं, "आप इनका नाम पूछे बिना करा दोगे?" तो म्हणे, "नाम से क्या करना है." म्हटलं, मंग राहू द्या.

आत्या तोपर्यंत कार्ड हातात घेऊन उभी होती. मले वाटलं रागावन. ती म्हणे, "तुमी दोघं जा. मी इथं बसतो. तुमी पाहून या अन् मले सांगा, मंग मी घरी सासूमायले सांगतो."

बाबा म्हणे, "बाई, येडी झाली का तू? तुह्यासाठी तं आलो."

"मंग काय करतं भाऊ? येक जन तं पाह्यन ना."

गाड्या येक येक करून आत जाऊन राह्यल्या होत्या. मी पुन्हा लाईनीत लागलो. मधात घुसलो नाई, कोनाचा आवाजबी काढला नाई. खरं सांगतो, मनात आलतं का मोठ्या साहेबाच्या आवाजात फोन लावून द्यावा. पन नंबर कोनाचा लावू, तेच माहीत नोहतं.

दुसऱ्यांदा नंबर आला तेव्हा बाबूच्या मागं फॉरेस्टवाली येक बाई येऊन उभी होती, खाकी स्वेटर घातलेली. मी सगळं सांगतलं, ताट, तांदूळ, आंगठी. बाबू माह्याकडं असा पाहे जसा मी कहानी बनवून राह्यलो. ती बाई म्हणे, "सही बोल रहा है. कटंगी तरफ होता है ऐसा, मेरी जेठानी का भी हुआ है." मंग आत्याले म्हणे मराठीत, "बाई, तुमी येक अर्ज लिहा. दोन्ही नावं लिहा, भावाची सही घ्या. नंबर जुळते ना, मी साहेबाले दाखवतो."

आत्यानं खिडकीच्या फळीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. माहेरचं नाव लिहिताना तिचा हात थांबला. म्हणे, "दुसरंच लिहून लिहून सवय गेली याची." साहेबाची सही यायले पाऊन तास लागला. आमची गाडी सगळ्यात शेवटी आत गेली.

गाडीत आमच्याशिवाय येक जोडपं होतं, जबलपूरकडचं. नवऱ्याच्या गळ्यात बाळाएवढा कॅमेरा. आमच्यापाई त्यायलेबी उशीर झालता, पन ते काई बोल्ले नाई. न बोलल्यानं आत्याले आणखीच खराब वाटलं. सरईची, म्हंजे सालाची झाडं, धुकं, मैदानात बारासिंगे उभे, अन् ती खाली पाहून राह्यली. म्हणे, "माह्या नावानं सगळ्यायची सकाळ गेली."

मी म्हटलं, "गेली कुठं, आता सुरू झाली."

"सगळ्या गाड्या पुढं गेल्या ना पन."

येका फाट्यावर गाईडनं गाडी थांबवली अन् इंजन बंद केलं. म्हणे, अब चुपचाप सुनना है, जानवर बोलेगा तो पता चलेगा शेर कहां है. सगळे कान देऊन बसले. आत्याचं तोंड तसंच पडलेलं. मले वाटलं, हिले हसवावं. मी माह्या गळ्यातल्या मफलरात तोंड घातलं अन् चितळ घाबरल्यावर जसं वरडते तसं येकदा वरडलो. हळूच. आत्याले कोपर मारनारच होतो.

मफलरातून आवाज दुरून आल्यासारखा आला असन. गाईडची पाठ ताठ झाली. त्यानं बोट वर केलं. "कॉल है. चीतल. बाएं तरफ, नाले में."

आता बोलायची वेळ होती. मी तोंड उघडलंबी. पन आत्या उभी झाली होती. दोन्ही हातानं समोरचा डंडा धरून, शाल खांद्यावरून सरकलेली, तोंड असं जसं कोनी दिवा लावला. इतक्या वेळात पयल्यांदा तिनं वर पाह्यलं होतं. अन् मी तोंड बंद केलं.

पाच मिनटं गेली. दुसऱ्या फाट्यानं येक जिप्सी आली, आमाले उभं पाहून तीबी थांबली. मंग आणखी दोन. मंग मोजलं तं आठ गाड्या लाईनीत, सगळे नाल्याकडं पाहून राह्यले. मी जिंदगीभर लाईनीत उभा राह्यलो, लाईन लावली पयल्यांदा. समोर दोन चितळं चरून राह्यले होते. त्यायनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं अन् पुन्हा चरायले लागले. कॅमेरेवाल्यानं इचारलं, "ये क्यों नहीं भाग रहे?" गाईड म्हणे, "इनको हवा नहीं मिली है."

वीस मिनटं. बाबा माह्याकडं येकदा पाहून दुसरीकडं पाह्यले लागले. बाबा मले जन्मापासून आयकून राह्यलेत.

मंग समोरून येक गाडी धुरळा उडवत आली. त्यातला ड्रायव्हर आमच्या ड्रायव्हरले म्हणे, "यहां क्या कर रहे हो? तालाब पे रोड पे चल रहा था, आराम से, दस मिनट." आठही गाड्या येकदम चालू झाल्या. आमी तलावावर पोचलो तं वाघ गवतात गेलता. रस्त्यावर फक्त पाय उमटले होते, ताटलीएवढे. गाईडनं गाडीतूनच दाखवले. आत्या वाकून पाहत राह्यली, गाडी सुरू झाली तरी मान वळवून पाहत राह्यली. मंग अकरा वाजले अन् सगळे बाहेर.

वापसीत बैहरले चहा प्यायले थांबलो. आत्यानं लगेच घरी फोन लावला अन् स्पीकरवर टाकला. आईनं तिकडं फोन सासूबाईच्या कानाजोळ धरला.

"माय, दिसला नाई. पन होता तो. जोळच होता."

"तुले कसं माहीत, होता म्हणून?" सासूबाईचा आवाज बारीक पन साफ.

"हरीन वरडलं ना. गाईडनं सांगतलं, वाघ असल्याशिवाय ते असं वरडत नाई. आठ गाड्या उभ्या होत्या माय, मी सगळ्यात समोर. आंगावर काटा आला माह्या. मंग तो दुसऱ्या बाजूनं निंगून गेला."

"कसं वरडलं?"

आत्यानं फोन माह्यापुढं केला. "ये, तू करून दाखव ना मायले. तुले येते सगळं."

बाबानं चहाचा गिलास खाली ठेवला.

मी मुद्दाम खराब केलं. कसंबसं.

सासूबाई म्हणे, "हे तं बकरीवानी वाटते. अशानं काटा आला का तुले?"

आत्या म्हणे, "नीट कर ना रे."

आता मी काय सांगू. कोनी म्हटलं का नक्कल जमली नाई तं मले राहवत नाई. हा माहा रोग आहे. मी नीट केलं. अगदी नीट, तोच चढ, तोच शेवटचा तुटका सूर.

आत्याच्या हातात फोन होता अन् ती माह्याकडं पाहून राह्यली होती. मंग तिनं इचारलं, "हाच आवाज होता ना?"

"हौ."

"हाच म्हंजे, हाच?"

"हौ, आत्या. तुले हसवायसाठी केलतं. मंग तू उभी झाली, तं मले सांगता नाई आलं."

"सांगता नाई आलं," आत्या म्हणे. तिचा आवाज चढला नाई, तेच खराब. "पोट्ट्या, वीस मिनटं मी तो डंडा धरून उभी होती. श्वास धरून. मले वाटलं, आता येईन, आता येईन. अन् तू बाजूले बसून पाहत होता. नावाचं मी काई बोल्ली नाई, ती चूक होती, कोनाच्याबी हातून होते. हे तं तू पाहून पाहून होऊ देलं. वाघ तलावावर चालून राह्यला होता अन् तू मले मफलरापुढं उभी ठेवली. मले हसवायचं होतं तं वापस आल्यावर हसवतं, दिवसभर हसली असती मी."

फोनमधून आवाज आला, "काय झालं? काय केलं त्यानं?"

आत्यानं सगळं सांगतलं. मले वाटलं, बुढी हसन.

"पोरा, आयकून राह्यला का?"

"हौ, आजी."

"मले वाघाचं काई नाई. मी इथं पडल्या पडल्या काईबी आयकून घेतो. पन चार वर्षात माह्या सुनंनं माह्यापासून येकच सकाळ मांगली, तीबी तुह्या मायले इथं बसवून. त्यातला पाऊन तास तू खिडकीले देला अन् वीस मिनटं तोंडाले. तिच्या हातानं मी जेवतो, अन् तिले दोन तास धड भेटू नाई देले तू. फोनवर नाई बोलत मी तुह्यासंगं. दुपारच्या बसनं तूबी ये तिच्यासंगं. इथं खाटेजोळ बस माह्यासमोर, मंग पाहतो कोनता आवाज निघते तुह्या तोंडातून."